पाणी राहू देण्याचे पैसे

उत्तर आयोवातल्या मक्याच्या शेतांत वसंतातला पाऊस झाला की दर वर्षी त्याच जागी पाणी साचतं. मालकाला त्या जागा पाठ असतात. पेरणीयंत्र तिथेच रुततं, बी तिथेच कुजतं, दुबार पेरणी तिथेच करावी लागते, आणि शरद ऋतूत कापणीयंत्राच्या पडद्यावर उताऱ्याचा नकाशा तिथेच लाल होतो. जमिनीखाली तीन-चार फुटांवर निचऱ्याच्या नळ्यांचं जाळं असूनही हे होतं. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस बर्फ वितळला तेव्हा या पट्ट्यात लाखो उथळ खळगे उरले. आयोवापासून मिनेसोटा, डाकोटा, माँटानामार्गे कॅनडापर्यंत पसरलेला हा 'प्रेअरी पॉटहोल' प्रदेश. उत्तर अमेरिकेतल्या बदकांची निम्म्याच्या आसपास पैदास इथे होते. शेतातली ती डबकी म्हणजे हेच खळगे. नळ्या टाकल्या, चर खणले, तरी उतार कुठे आहे हे पाणी विसरत नाही.

अमेरिकेचं कृषी खातं आज अशा जागेच्या मालकाला नळ्या फोडायला आणि पाणी राहू द्यायला पैसे देतं. या योजनेकडे पाहताना एक गोष्ट लक्षात असू द्यावी. पाणी घालवायलाही याच सरकारने पैसे दिले होते. १८४९, १८५० आणि १८६० च्या 'स्वॅम्प लँड' कायद्यांनी केंद्राने दलदलीच्या जमिनी राज्यांना देऊन टाकल्या, त्या विकून निचरा करावा म्हणून. १८३० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात जॉन जॉन्स्टन या स्कॉटिश शेतकऱ्याने भाजक्या मातीच्या नळ्या पुरल्या, आणि पुढच्या शंभर वर्षांत त्या नळ्या अख्ख्या मध्यपश्चिमेच्या पोटात गेल्या. विसाव्या शतकाच्या मध्यावर तर निचऱ्याच्या खर्चात कृषी खात्याचा वाटा असायचा, वर तांत्रिक सल्ला फुकट. १७८० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत मुख्य भूमीवरच्या ४८ राज्यांतली निम्म्याहून जास्त पाणथळ जमीन गेली. आयोवात ८९ टक्के, ओहायोत ९०, कॅलिफोर्नियात ९१. तेव्हा 'शेतकऱ्याने पाणथळी बुजवल्या' हे अर्धंच खरं. त्याने त्या सरकारच्या सांगण्यावरून, सरकारच्या मदतीने बुजवल्या, आणि त्या काळात त्याला कामसू शेती म्हणत.

दिशा बदलली ती हळूहळू. १९७० च्या 'वॉटर बँक' कायद्याने दहा वर्षांच्या करारावर पाणथळी राखण्याचे पैसे द्यायला सुरुवात केली. १९७७ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी आदेश काढून केंद्रीय खात्यांना पाणथळींचा नाश टाळायला सांगितलं. १९८५ च्या शेती कायद्यात पाणथळ बुजवून पीक घेणाऱ्याचे सरकारी लाभ काढून घेणारा 'स्वॅम्पबस्टर' नावाचा चाबूक आला, १९९० च्या कायद्यात 'वेटलँड्स रिझर्व्ह प्रोग्रॅम' नावाचा मोबदला. १९९३ च्या मिसिसिपीच्या महापुरानंतर त्याचीच तातडीची आवृत्ती निघाली. नदीकाठची वाळूने भरलेली, बांध फुटलेली शेतं पुन्हा उभी करण्यापेक्षा ती नदीला सोडून देणं काहींना परवडलं. २०१४ मध्ये हा कार्यक्रम 'एसेप' या मोठ्या योजनेच्या छत्राखाली आला आणि त्याचं नाव 'वेटलँड रिझर्व्ह इझमेंट' झालं. इझमेंट म्हणजे जमीन आपल्याकडेच ठेवून तिच्या वापराचा हक्क सोडण्याचा नोंदणीकृत करार. नावं बदलली, सांगाडा तोच राहिला.

या पैशांबद्दल बोलताना लोक 'किती मिळतात' इथून सुरुवात करतात. माझ्या मते पहिला प्रश्न 'सरकार नेमकं काय विकत घेतं' हा असायला हवा. जमीन विकत घेतली जात नाही, ती मालकाच्याच नावावर राहते आणि तिचा कर मालकच भरतो. पाणी किंवा बदकंही विकत घेतली जात नाहीत. विकत घेतला जातो तो मालकाचा एक हक्क. उद्या मक्याचा भाव वाढला म्हणून मन बदलण्याचा, नांगर घालण्याचा, पुन्हा नळी टाकण्याचा हक्क. हा हक्क किती काळासाठी सोडायचा, यावर सगळी किंमत ठरते.

दहा ते पंधरा वर्षांसाठी सोडायचा असेल तर 'सीआरपी', म्हणजे 'कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम'. हे भाडं आहे. कृषी खात्यातल्या फार्म सर्व्हिस एजन्सीच्या काउंटी कार्यालयात करार होतो, दर वर्षी एकरी ठरलेली रक्कम मिळते, आणि झाडोरा लावण्याच्या खर्चात सरकारचा वाटा असतो. पाणथळींसाठी त्यात वेगळे कप्पे आहेत. पूरमैदानातल्या पुनर्स्थापनेसाठी सीपी-२३, पूरमैदानाबाहेर सीपी-२३ए, शेतातल्या लहान पाणथळीसाठी सीपी-२७ आणि तिच्या भोवतीच्या पट्ट्यासाठी सीपी-२८. शेवटचे दोन जोडीनेच घ्यावे लागतात, कारण भोवती गवत नसेल तर शेतातला गाळ दोन-चार पावसाळी हंगामांत खळगा भरून टाकतो. भाड्याची मर्यादा उघड आहे. २००७ मध्ये सीआरपीखाली ३ कोटी ६० लाख एकरांहून जास्त जमीन होती. मग मक्याचे भाव चढले, करार संपत गेले, आणि डाकोटातली कित्येक गवताळ शेतं पुन्हा नांगराखाली गेली. त्यात फसवणूक काही नव्हती. मुदत संपली, मालकाने जास्त भाडं देणारा गिऱ्हाईक निवडला, आणि तो गिऱ्हाईक मका होता.

कायमचा किंवा ३० वर्षांसाठी हक्क सोडायचा असेल तर इझमेंट. कृषी खात्यातली 'एनआरसीएस' ही मृदसंधारणाची यंत्रणा ते विकत घेते. कायमच्या इझमेंटला ठरलेल्या किमतीच्या १०० टक्के आणि पुनर्स्थापनेच्या खर्चाच्या ७५ ते १०० टक्के मिळतात. ३० वर्षांच्या इझमेंटला दोन्हीकडे ५० ते ७५ टक्के. पहिल्या नजरेला ३० वर्षं शहाणपणाची वाटतात, कारण हक्क परत येतो. पण हिशेब मांडून पाहावा. ज्या खळग्यात तीन वर्षांतून एकदा पीक बुडतं, तिथे ३० वर्षांनी परत येणाऱ्या हक्काची आजची किंमत फारच थोडी, आणि त्यासाठी एक चतुर्थांश ते निम्मी रक्कम सोडायची. शहर जवळ येत असेल तर गोष्ट वेगळी. आदिवासी जमातींच्या मालकीच्या जमिनीसाठी ३० वर्षांचा करार हा आणखी एक मार्ग आहे, तो फक्त त्यांनाच खुला आहे.

किंमत ठरते तीन आकड्यांवरून, आणि तिन्हींतला सगळ्यात लहान आकडा लागू होतो. पहिला बाजारभाव, म्हणजे स्वतंत्र मूल्यांकन किंवा परिसरातल्या व्यवहारांची पाहणी. दुसरा, त्या भागासाठी राज्याच्या कार्यालयाने ठरवून प्रसिद्ध केलेला एकरी कमाल दर. तिसरा, मालकाने स्वतः लेखी देऊ केलेला आकडा. हा तिसरा प्रकार अनेकांना कळत नाही. कोण कमी घेईल म्हणून? अर्जांची क्रमवारी लागते तेव्हा सरकारचे कमी पैसे खर्च करणारा अर्ज वर सरकतो, म्हणून. ज्याची जमीन पर्यावरणाच्या गुणांत मधल्या फळीत आहे, त्याला थोडं उतरून आत येता येतं. ज्याची जमीन आधीच पहिल्या फळीत आहे, त्याने उगाच उतरू नये. रक्कम पाच लाख डॉलरपर्यंत असेल तर एक ते दहा वार्षिक हप्त्यांत घेता येते, त्यावर गेली तर सहसा पाच ते दहा हप्ते. एकरकमी घ्यायची की विभागून, हे कराच्या सल्लागाराला सही करण्यापूर्वी विचारायचं, नंतर नव्हे. सीआरपीचं भाडं आणि इझमेंटची किंमत कर खात्याच्या नजरेत एकसारखी नसतात.

अर्जाच्या आधीच अडणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. जमीन अर्जदाराच्या मालकीची किमान २४ महिने असावी लागते. वारसाने आलेली असेल तर सूट आहे. योजनेचे पैसे मिळवण्यापुरती जमीन घेऊन ठेवणाऱ्यांना आळा म्हणून ही अट. फार्म सर्व्हिस एजन्सीकडे शेताचा आणि तुकड्याचा क्रमांक नोंदलेला हवा, एडी-१०२६ हा प्रतिज्ञापत्राचा नमुना आणि उत्पन्नाचा दाखला भरलेला हवा. तीन वर्षांचं सरासरी समायोजित उत्पन्न नऊ लाख डॉलरच्या वर गेलं की सहसा दार बंद. जमीन कंपनीच्या किंवा ट्रस्टच्या नावावर असेल तर प्रत्येक सदस्याचा हा दाखला लागतो, आणि परगावी राहणाऱ्या एखाद्या चुलत भावाच्या एका सहीसाठी अख्खा अर्ज पुढच्या वर्षावर जातो. काउंटीच्या शेतजमिनीपैकी २५ टक्क्यांहून जास्त जमीन सीआरपी आणि या इझमेंटखाली मिळून जाऊ देत नाहीत, हेही आधी विचारून घ्यावं.

मग हक्कतपासणी. इथे जितके अर्ज मरतात तितके चिखलात मरत नाहीत. जमिनीवर बँकेचं कर्ज असेल तर बँकेने आपला बोजा इझमेंटच्या मागे ठेवायला लेखी संमती द्यावी लागते. बँका ती देतात, पण बहुधा मिळणाऱ्या रकमेतला वाटा मागून. खनिजांचे हक्क पणजोबांच्या काळी कुणाला विकलेले असतील तर त्या हक्कदाराला उद्या विहीर खणायला पाणथळीच्या मध्यात उतरता येईल का, हे तपासावं लागतं. उत्तर डाकोटात आणि लुइझियानात हा प्रश्न हटकून निघतो. सार्वजनिक रस्त्यापासून तुकड्यापर्यंत कायदेशीर वाट हवी. पिढ्यान्‌पिढ्या शेजाऱ्याच्या बांधावरून ये-जा आहे, हे कागदावर 'वाट' ठरत नाही. जुनी रॉकेलची टाकी, कीटकनाशकाचे डबे पुरलेला खड्डा, मोडक्या यंत्रांचा ढीग निघाला तर तो आधी साफ करायचा. या सगळ्यात वर्ष-दीड वर्ष सहज जातं. मोजणी, मूल्यांकन, नोंदणीचा खर्च सरकार करतं. मालकाने स्वतःचा वकील मात्र स्वतःच्या खर्चाने लावावा. इझमेंटचा मसुदा ठरीव असतो, त्यात घासाघीस चालत नाही, पण हद्द कुठे आखायची यावर बोलता येतं, आणि वकिलाने तिथेच पैसे वसूल करून द्यावेत. कोपऱ्यातलं गोदाम, विहिरीकडे जाणारा रस्ता, भविष्यात मुलीच्या घरासाठी ठेवलेला तुकडा रेषेच्या बाहेर राहिला पाहिजे. रेषा नोंदली गेली की ती पुसण्याचा मार्ग जवळपास नाही.

सही झाली म्हणजे पाणी आलं असं होत नाही. पाणी आणणं हे वेगळं काम आहे, आणि मला विचाराल तर या योजनेतला सगळ्यात रसदार भाग तोच.

नळी फोडायची म्हणजे एका जागी खड्डा करून तुकडा उपटायचा, एवढं सोपं नसतं. मातीतून पाणी किती वेगाने पाझरतं त्यानुसार साधारण ५० ते १५० फूट लांबीची नळी काढून टाकावी लागते. चिकणमातीत कमी, वाळूसर मातीत जास्त. कमी काढली तर पाणी फोडलेल्या जागेला वळसा घालून पुढच्या शाबूत नळीत शिरतं. खालच्या बाजूचं उघडं तोंड बंद करायचं, चरात थराथराने माती दाबत भरायची, आणि ती बसणार हे धरून वर थोडा उंचवटा ठेवायचा. तरीही पहिल्या वसंतात खळगा भरत नाही, तेव्हा बहुतेक वेळा कारण एकच असतं. खाली दुसरी नळी आहे. १९७० नंतरच्या प्लास्टिकच्या नळीखाली आजोबांच्या काळची मातीची नळी, आणि तिचा नकाशा कुणाकडे नाही. ड्रेनेज डिस्ट्रिक्टचे, म्हणजे परिसराचा सामाईक निचरा सांभाळणाऱ्या स्थानिक संस्थेचे, जुने नकाशे मुख्य नळ्या दाखवतात, फाटे दाखवत नाहीत. त्यासाठी वसंतातली हवाई छायाचित्रं पाहावीत. जोराच्या पावसानंतर दोन-तीन दिवसांनी नळीवरची माती आधी सुकते आणि गडद शेतात फिकट रेघा उमटतात. त्या रेघा कागदावर उतरवूनही शंका राहिली, तर खळग्याभोवती पाच-सहा फूट खोल शोधचर खणत जायचं. खर्चिक काम आहे, पण एकदा पाणी भरल्यावर ती नळी शोधणं त्याहून खर्चिक.

शेजारी हा दुसरा अध्याय. वरच्या बाजूच्या शेताची नळी बहुधा याच खळग्यातून पुढे जाते. ती फोडली तर त्याचं पीक बुडेल, आणि कायदा त्याच्या बाजूने आहे. दोनच मार्ग उरतात. खळग्याखालून त्याचं पाणी छिद्र नसलेल्या बंद नळीतून पलीकडे न्यायचं, किंवा उतार पुरेसा असेल तर त्याच्या नळीचं तोंड खळग्याच्या काठावर उघडं करून पाणी आत सोडायचं. पाण्याच्या शुद्धतेच्या दृष्टीने दुसरा मार्ग फार चांगला. नळ्यांमधलं पाणी नायट्रेट घेऊन येतं आणि पाणथळीच्या चिखलातले जिवाणू त्याचा वायू करून सोडून देतात. आयोवाने २००१ पासून याच तत्त्वावर खास जागा निवडून पाणथळी बांधल्या आहेत. किमान ५०० एकरांचं नळ्यांचं पाणी येईल अशी जागा, आणि पाणलोटाच्या अर्धा ते दोन टक्के आकाराचं तळं. पण शेतात जिथे खळगा आहे तिथे उतार नेमका कमी असतो, म्हणून बहुतेकांना बंद नळीवर समाधान मानावं लागतं. मुख्य नळी ड्रेनेज डिस्ट्रिक्टच्या मालकीची असेल तर तिला हात लावण्याआधी डिस्ट्रिक्टची परवानगी लागते, आणि इझमेंट झालं तरी डिस्ट्रिक्टची पट्टी चुकत नाही. पाणी जाऊ न देणाऱ्याने पाणी घालवण्याची पट्टी भरत राहावं, यातला विनोद मालकांना फारसा आवडत नाही.

चर असेल तर मातीचा अडसर, नदीकाठी असेल तर बुटका बांध आणि फळ्यांचं दार. लोखंडी किंवा प्लास्टिकच्या चौकटीत फळ्या एकावर एक सरकवायच्या. एक फळी काढली की पाण्याची पातळी तेवढी उतरते. हे दार पाणी भरण्याइतकंच पाणी काढण्यासाठी असतं, आणि नवे मालक इथेच घसरतात. त्यांना तळं भरलेलं पाहायला आवडतं. वर्षानुवर्षं एकाच पातळीला ठेवलेल्या पाण्यात संकरित टायफा, म्हणजे पाणकणसांची जात, भिंतीसारखी उभी राहते आणि मोकळं पाणी नाहीसं होतं. पुरासोबत कार्प मासे आत आले तर ते तळ उकरून पाणी गढूळ करतात, पाणवनस्पती मरतात, मग किडे कमी होतात, मग बदकांची पिल्लं. उपाय एकच, तळं मुद्दाम सुकवायचं. उन्हाळ्याच्या तोंडाला दोन-तीन आठवडे हळूहळू पाणी उतरवलं की उघड्या चिखलात स्मार्टवीड आणि सावा जातीचं गवत उगवतं. शरद ऋतूत फुटाहून कमी पाणी पुन्हा चढवलं की बदकांना बी खायला मिळतं. झटक्यात उतरवलं तर चिखल कडक होऊन तडकतो आणि नको ते तण येतं. बांधाची काळजी वेगळीच. मस्करॅट उंदीर त्यात बिळं करतात, विलोची मुळं भेगा पाडतात. बांधावर झाड उगवू देणं ही निसर्गप्रेमी मालकाची नेहमीची चूक.

मिसिसिपीच्या खोऱ्यात, लुइझियाना आणि आर्कान्सात, कामाचं स्वरूप बदलतं. तिथे सोयाबीनच्या शेताचं पुन्हा पूरजंगल करायचं असतं. १२ बाय १२ फुटांवर रोपं लावली तर एकरी साधारण ३०० बसतात. ती मरतात ती बहुधा चुकीच्या उंचीवर लावल्यामुळे. सपाट दिसणाऱ्या त्या शेतात फुटा-दोन फुटांचा फरक सगळं ठरवतो. खोलगट भागात महिनोन्‌महिने पाणी उभं राहतं, तिथे नटॉल ओक तग धरतो आणि चेरीबार्क ओक मरतो. सुरुवातीच्या वर्षांत सरसकट ओक लावले गेले आणि एकसुरी रानं उभी राहिली. आता उंचीचा नकाशा करून मिश्र लागवड करतात. तरी त्या रानांनी काम केलं. लुइझियाना काळं अस्वल १९९२ मध्ये संकटग्रस्तांच्या यादीत गेलं होतं, ते २०१६ मध्ये बाहेर आलं, आणि त्याला लागणारे जंगलाचे तुकडे जोडण्यात या इझमेंटच्या जमिनींचा मोठा वाटा होता.

इझमेंटनंतर मालकाकडे काय उरतं? शिकार, मासेमारी, ती भाड्याने देण्याचा हक्क, आणि कुणाला आत येऊ द्यायचं हे ठरवण्याचा हक्क. लोकांना वाटतं की सरकारी पैसा आला म्हणजे कुणीही आत येईल. तसं नाही. एनआरसीएसचे लोक पाहणीला येतात, बाकी फाटक मालकाचंच. गवत कापणं, गुरं चारणं, लाकूड काढणं यांसाठी मात्र दर वेळी लेखी परवाना लागतो. तो ठरावीक मुदतीचा असतो, पाणथळीला उपयोगी असेल तरच मिळतो आणि काढूनही घेता येतो. पूर्वी इथे चरत होती म्हणून गुरं सोडली, आणि शिकारीच्या मचाणापर्यंत खडी टाकून रस्ता केला, अशा गोष्टी पाहणीत निघतात आणि पूर्ववत करण्याचा खर्च मालकावर येतो.

ज्याला शेती सोडायचीच नाही त्याच्यासाठी मत्स्य व वन्यजीव सेवेचं इझमेंट आहे, १९५८ पासूनचं, बदकांच्या शिकारीच्या तिकिटांच्या पैशातून चालणारं. एकदाच रक्कम मिळते, अटी चारच. पाणी काढायचं नाही, भराव टाकायचा नाही, सपाट करायचं नाही, जाळायचं नाही. खळगा आपोआप सुकला तर त्यात पेरा, कापा, चारा. डाकोटांसाठी मला हे सगळ्यात समजूतदार वाटतं. तिथला मालक ओलं वर्ष आणि कोरडं वर्ष दोन्ही जगलेला असतो, आणि ही अट त्याच्या अनुभवाशी भांडत नाही. वाद झाले ते १९७६ पूर्वीच्या करारांवर. त्यांना नकाशा जोडलेला नसायचा आणि कुठला खळगा धरला होता यावर कोर्टात वर्षं गेली.

आणि मोबदला नको असेल, तर? तर स्वॅम्पबस्टर. २३ डिसेंबर १९८५ पूर्वी शेतीखाली आणलेली पाणथळ माफ आहे. त्यानंतर बदललेल्या जमिनीवर पीक घेतलं तर योजनांचे लाभ जातात. २८ नोव्हेंबर १९९० नंतर तर पीक घेणं शक्य होईल इतका निचरा केला, तरी पुरे. बी टाकलेलं नसलं तरी. २०१४ पासून पीकविम्याच्या हप्त्यातलं अनुदानही याला बांधलेलं आहे, म्हणून तो चाबूक खरा लागतो. २०२३ च्या सॅकेट निकालाने सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ पाणी कायद्याची कक्षा नदी-तलावांशी पृष्ठभागावर सलग जोडलेल्या पाणथळींपुरती आणली. शेतातले एकाकी खळगे त्यातून बाहेर पडले. त्यांच्याभोवती केंद्राचं म्हणून आता मुख्यतः हे दोनच उरले आहेत, विम्याची भीती आणि इझमेंटचा चेक. पीकविमा आणि योजनांचे लाभ न घेणाऱ्या मालकाला पहिल्याचं काहीच वाटत नाही.

म्हणून नवीन नळी टाकण्याचा विचार असेल तर कंत्राटदाराला बोलावण्याआधी एडी-१०२६ भरून एनआरसीएसकडून पाणथळीची लेखी निश्चिती मागवावी. ती यायला महिने लागू शकतात. कंत्राटदार वसंतात आठवडाभरच मोकळा असतो, तो 'नंतर बघू' म्हणेल. नंतर बघायचं काम त्याचं नसतं. आणि निश्चितीत खळगा पाणथळ ठरलाच, तर त्याच कार्यालयात इझमेंटचा अर्जही मिळतो.